गोवराची भावकी

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, आजच्या निमंत्रणपत्रिकेच्या पहिल्या मुद्रितात माझ्या व्याख्यानाचा विषय 'गोवरी आणि तिची भावकी' असा छापून आला होता, आणि आपल्या चिटणिसांनी अत्यंत अदबीने मला फोन करून "डॉक्टर, शेणीवर तासभर बोलणार का?" असे विचारले. एका वेलांटीने आजार चुलीत गेला. माझ्या वयाच्या माणसाच्या गोवऱ्या मसणात गेल्या असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे ते मुद्रित मला अगदीच गैरलागू वाटले नाही. तरीही चूक दुरुस्त करून घेतली, कारण गोवर पुल्लिंगी, गोवरी स्त्रीलिंगी, आणि दोघांचा एकमेकांशी उच्चारापलीकडे काही व्यवहार नाही.

लिंगाचा विषय निघालाच आहे, तर माझी जुनी तक्रार मांडून घेतो. वर्तमानपत्रे 'गोवरची साथ' असे छापतात. दगड–दगडाचा, ताप–तापाचा, मग गोवर–गोवराचा हे सरळ असताना सोलापूरची चादर तशी गोवरची साथ, जणू गोवर हे एखाद्या तालुक्याचे गाव आहे. 2022 साली मुंबईत साथ आली आणि तिचा जोर नेमका गोवंडीत होता, तेव्हा 'गोवंडीत गोवरची साथ' असे मथळे वाचून माझ्या नातवाने गोवर म्हणजे गोवंडीशेजारचे स्थानक का, असे मला विचारले. त्याला हसावे की मथळे लिहिणाऱ्यांना, हे अजून ठरलेले नाही.

परंतु ज्या प्रसंगामुळे मला या शब्दांचा नाद लागला, तो वेगळा आहे. उमरेडच्या बाजूच्या एका गावात आम्ही मुलांची तपासणी करीत होतो. अर्ज कोणत्या तरी कार्यालयाने हिंदीवरून घाईघाईने मराठीत उतरवलेला होता आणि त्यात 'मुलाला खसरा आहे का?' असा रकाना होता. हिंदीत खसरा म्हणजे गोवर. परंतु विदर्भात खसरा म्हणजे जमिनीचा क्रमांक, हे येथे बसलेल्या नागपूरकरांना सांगायला नको. मी यांत्रिकपणे प्रश्न वाचला. मुलाच्या वडिलांनी टोपी सारखी केली, जरा विचार केला आणि म्हणाले, "हाये ना साहेब, पण अजून आज्याच्याच नावावर हाये. फेरफार व्हायचा हाये." मागे उभ्या असलेल्या त्यांच्या चुलतभावाने लगेच हरकत घेतली की त्यात त्याचाही हिस्सा आहे. पुढची पंधरा मिनिटे आमच्या तपासणीच्या टेबलावर बांध, विहीर आणि वाटणी यांचाच निवाडा चालला होता, आणि ज्याच्या नावे हा सगळा अर्ज भरायचा तो मुलगा माझी स्टेथोस्कोप कानाला लावून बकरीचे ठोके ऐकत होता. शेवटी आमच्या परिचारिकेने "अहो, गोवर, गोवर निघाला होता का पोराला?" असे विचारले, तेव्हा दोन्ही बाजू एकदम शांत झाल्या आणि आई म्हणाली, "निघाला होता, दिवाळीच्या आधी."

'निघाला' या क्रियापदाकडे लक्ष द्या. गोवर निघतो, देवी मात्र 'येत' असत, आणि त्या 'काढल्या'ही जात. 'देवी काढणे' म्हणजे देवीची लस टोचणे. भारतातून 1975 साली देवी गेल्या, तरी माझ्या पिढीच्या दंडावरचा वण आणि हा वाक्प्रचार दोन्ही शिल्लक आहेत.

अध्यक्षांची चिठ्ठी आलेली आहे, तेव्हा ज्या भावकीसाठी आपण जमलो, ती आता धावतच सांगावी लागेल. देवी आणि गोवर हे निराळे रोग आहेत, हे अल्-राझी या वैद्याने अकराशे वर्षांपूर्वी ग्रंथ लिहून मांडले होते. कांजिण्यांचे फोड पाण्याने भरतात आणि टप्प्याटप्प्याने उठतात. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, आणि मग कानामागून, केसांच्या कडेपासून खाली उतरणारे तांबूस पुरळ.

सर्वात मोठा घोटाळा रुबेलाचा आहे. त्याला 'जर्मन गोवर' म्हणतात, लसही गोवर-रुबेला अशी जोडीने देतात, आणि आपल्या राज्यात 2018 च्या मोहिमेपासून तर रुबेला हे गोवराचे आडनावच वाटू लागले आहे. वास्तविक दोन्ही विषाणू निरनिराळ्या कुळांतले आहेत. रुबेला मुलांत सहसा सौम्य असतो, पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय यांवर घाला घालतो. त्यातून इंग्रजी वैद्यकात गोवराला 'रुबिओला' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये जवळजवळ तोच शब्द रुबेलासाठी वापरतात. भाषांतर करणाऱ्याने तेथे काय करावे, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. गोवराच्या विषाणूचे कुळ शोधायचे, तर ते गालगुंडाच्या विषाणूशी जुळते, आणि त्या दोन नावांत एक ग सोडला तर साम्य नाही. तसेच कांजिण्यांचे: तोच विषाणू शरीरात दडून राहतो आणि म्हातारपणी कमरेभोवती विळखा घालून उठतो, तेव्हा आपण त्याला नागीण म्हणतो. माझ्या डाव्या बरगडीवर ती गेल्या श्रावणात उठली होती, आणि शेजारच्या काकूंनी मला दूध पाजायला वाटी घेऊन येण्याचे तेवढे बाकी ठेवले होते.