ठमीच्या बाजूनं

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात पाचपाखाडीला आमच्या घरी अकरा वर्षांची कुत्री आहे, ठमी. आपल्या गल्लीतलीच, तांबूस, एक कान पडलेला. गेल्या श्रावणात तिच्या सोबतीला म्हणून आम्ही दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. 'सोबतीला' हा आमचा शब्द. ठमीनं सोबत मागितली नव्हती. म्हणून आज मी तिच्या बाजूनं बोलणार आहे. पिल्लाची बाजू घ्यायला सगळं घर असतं, वर शेजारपाजारची मुलं असतात.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून मोठी चूक झाली. पिल्लू थेट हॉलमध्ये आणलं आणि कौतुकानं ठमीच्या गोधडीवर ठेवलं. माझ्या आईच्या नऊवारीची ती गोधडी, ठमी आठ वर्षं तिच्यावर झोपते. ती उठली नाही. आधी मान फिरवली. मग जिभेनं स्वतःचं नाक चाटलं. मग अंग ताठ झालं, डोळ्यांची पांढरी कड दिसायला लागली. पिल्लू तिच्या कानाला झोंबलं, तेव्हा कुठे ती गुरगुरली. आणि मी ओरडले, "ठमे, गप!"

ती गप्प झाली. दोन दिवसांनी पिल्लानं पुन्हा तेच केलं, तेव्हा ती गुरगुरलीच नाही. एकदम तोंड मारलं. जखम झाली नाही, पण पिल्लू किंचाळत सोफ्याखाली शिरलं आणि मला रात्रभर डोळा लागला नाही. दोष ठमीचा नव्हता. 'आता पुरे' हे सांगायची तिची रीत मीच मोडून टाकली होती.

श्रोतेहो, गुरगुरण्याला रागावू नका. मोठं कुत्रं गुरगुरतं तेव्हा ते पिल्लाला शिकवत असतं, आणि आपल्यालाही सांगत असतं की मला त्रास होतोय. मान वळवणं, ओठ चाटणं, ताठ होणं या खुणा पिल्लाला अजून वाचता येत नाहीत. त्या आपण वाचायच्या, आणि गुरगुरण्यापर्यंत वेळ येण्याआधीच पिल्लाला हळूच उचलून बाजूला न्यायचं. ओरडायचं कुणावरच नाही.

मग आम्ही सगळं पहिल्यापासून सुरू केलं. दोघांची ओळख घराबाहेर, कुणाचाच हक्क नसलेल्या जागी करून द्यावी, असं जाणकार सांगतात. पण पिल्लाची लस पूर्ण झाली नसेल, तर त्याला रस्त्यावर किंवा तलावपाळीला नेणं धोक्याचं. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, आणि त्याचा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. आम्ही इमारतीची गच्ची निवडली. भटकी कुत्री तिथे येत नाहीत. दोघांना सैल पट्टे, दोन माणसं, मध्ये भरपूर अंतर. पहिल्या दिवशी नुसतं शेजारून चालणं, पाच मिनिटं, आणि खाली. चौथ्या दिवशी ठमीनं त्याला मागून हुंगलं. आम्ही तेवढ्यावरच थांबलो, कारण सगळं बरं चाललेलं असतानाच थांबावं.

घरात बेडरूमच्या दाराला लहान मुलांसाठी मिळते तशी जाळी लावली. दोघं एकमेकांना बघू शकतात, वास घेऊ शकतात, अंगावर मात्र जाऊ शकत नाहीत. जाळीपलीकडची जागा ठमीची, तिथे पिल्लाला मज्जाव. अकराव्या वर्षी सांधे दुखतात, झोपेत कुणी अंगावर उडी मारली तर जीव कळवळतो. आपण घरी नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही, हा नियम आम्ही तीन महिने पाळला. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, आणि भांडी लगेच उचलायची. पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा लागतं, म्हाताऱ्या कुत्र्याला दोनदा पुरतं. पिल्लाचं खाणं जड असतं, ठमीनं ते चाटूनपुसून खाल्लं तर तिचं वजन वाढणार आणि भार पुन्हा त्या गुडघ्यांवरच येणार.

औषधपाण्याचंही सांगते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017च्या नियमांनी बंदी आहे. कुणी देऊ केलं तरी घेऊ नका, ते तेव्हा आईजवळच हवं. घरी आणण्याआधी डॉक्टरांकडे न्या. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत बूस्टर, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. जंताचं औषध वेगळं. मोठ्या कुत्र्याच्या लसीची तारीखही त्याच दिवशी तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी तुंबतं, उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि तो माणसांनाही होतो.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती, आपली आपणच कळली. पिल्लू आल्यावर ठमीचा दिवस विस्कटला होता. सकाळी सहाला कचराळी तलावाच्या बाजूनं माझ्याबरोबर फेरी, परत आल्यावर पाठ खाजवून घेणं, हे सगळं पिल्लाच्या शी-शूच्या धावपळीत बुडालं. ती फेरी मी परत सुरू केली, आम्ही दोघीच. परत आल्यावर पहिला हात तिच्या पाठीवर. पिल्लू तोवर जाळीपलीकडे कुईकुई करतं. करू दे.

दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मी ओट्याशी चहा गाळत होते. ठमी हॉलमध्ये गोधडीवर पडली होती आणि पिल्लू चेंडू तोंडात घेऊन तिच्याकडे निघालं. ती हलकंसं गुरगुरली, डोळे न उघडता. मी हातातली गाळणी तशीच धरून थांबले, तोंडातून शब्द काढला नाही. पिल्लू दोन फरश्या अलीकडे थबकलं. चेंडू खाली ठेवला. मग तिथेच पोटावर बसलं आणि हनुवटी फरशीवर टेकवली. ठमीनं एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटला.