लक्ष्या खरं सांगत होता

(पडदा काळा. शाळेच्या मधल्या सुट्टीचा गलका. त्यातून एक पोरगेला आवाज वर येतो.)

ओम फट् स्वाहा!

नव्वदच्या दशकात जी मुलं मराठी घरांत वाढली, त्यांना हा मंत्र कुणी शिकवावा लागला नाही. तो आला महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधून. सिनेमा 1993 चा. थिएटरात ज्यांचा चुकला त्यांनी तो गणपतीत मंडळाच्या पडद्यावर बघितला, नाहीतर व्हीसीआर भाड्यानं आणून, नाहीतर पुढे टीव्हीवर, दर वेळी लागेल तेव्हा. मैदानात राज्य ज्याच्यावर असेल त्याच्याकडे बोटं नाचवत आम्ही हा मंत्र फेकायचो. रात्री मात्र तो तोंडातून काढायची हिंमत नव्हती. घरात एखादी मोठ्या डोळ्यांची बाहुली असली, तर ती झोपायच्या आधी भिंतीकडे तोंड करून ठेवली जायची. हे माझ्या घरी व्हायचं, आणि ज्या ज्या मित्राशी बोललो त्याच्याही घरी व्हायचं.

गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगतो. तात्या विंचू हा मुंबईतला खतरनाक गुंड. बाबा चमत्कार नावाच्या मांत्रिकाकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो, आपला आत्मा दुसऱ्या कशातही घालता येईल असा. इन्स्पेक्टर महेश जाधवच्या (ही भूमिका स्वतः कोठारेंची) गोळीनं मरता मरता तो जवळच्या एका बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला येऊन पोचतो लक्ष्याच्या घरी. लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, साधा, भाबडा, बाहुल्यांचं वेड असलेला. पुढे विंचूला कळतं, की आपली खरी ओळख ज्याला सगळ्यांत आधी सांगितली त्याच्याच शरीरात आता आपल्याला जाता येईल. आणि तो माणूस म्हणजे लक्ष्याच.

आता चाळिशीत हा सिनेमा पुन्हा बघितला. सलग, मध्ये न उठता, घरातले दिवे लावून.

(दृश्य: बोलक्या बाहुल्याचं डोकं, अगदी जवळून. जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटी. मागच्या पोकळीत एक हात जातो.)

आधी भीतीच्या कारखान्याबद्दल बोलायला हवं, कारण लहानपणी तो दिसलाच नव्हता.

हा बाहुला केला आणि नाचवला रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला जन्म दिला आणि शब्दभ्रमाची, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याची, कला आपल्याकडे रुजवली. रामदास पाध्ये शिकले इंजिनिअरिंग, पण वडिलांनंतर अर्धवटरावांना त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो खिदळणारा ससा आठवतो? तोही त्यांचाच. एकाच माणसाच्या हातांनी आम्हाला संध्याकाळी हसवलं आणि रात्री पांघरुणात तोंड लपवायला लावलं, हे समजल्यावर मला त्या हातांबद्दल फार आदर वाटला.

शब्दभ्रमकाराची खरी पंचाईत होते ती प, फ, ब, भ आणि म या अक्षरांशी. ओठाला ओठ लागल्याशिवाय ती उमटत नाहीत, आणि ओठ हलले की खेळ संपला. म्हणून कलाकार जीभ दातांमागे नेऊन जवळचा ध्वनी काढतो, आणि ऐकणाऱ्याचा कान उरलेलं आपणहून भरून घेतो. डोळे हलत्या जबड्यावर असतात, म्हणून आवाजही तिथूनच आला असं वाटतं. जबडा अक्षरागणिक उघडायला हवा. शब्द संपायच्या आधी मिटला तर बाहुला क्षणात लाकूड होतो. त्याहून महत्त्वाची नजर. समोरचा बोलत असताना बाहुल्यानं त्याच्याकडे बघितलं, किंचित थांबला, मग मान वळवली, की आपण नकळत धरून चालतो की हा विचार करतोय.

रंगमंचावर हात आणि गळा एकाच माणसाचे असतात. 'झपाटलेला'मध्ये ही दोन कामं वेगळी झाली. हालचाल पाध्ये यांची, आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. त्यामुळे ओठ मिटून बोलण्याची अट सुटली आणि तात्या विंचूला आपला गळा पूर्ण वापरता आला. तो गुरगुरतो, घोगऱ्या स्वरात धमकावतो, मध्येच लाडीगोडी लावतो, आणि ती लाडीगोडी धमकीपेक्षा वाईट वाटते.

पहिल्या काही मिनिटांतलं एक शहाणपण मला या वेळी उमगलं. बाहुला येण्याआधी प्रभावळकर स्वतः, हाडामांसाचे, तात्या विंचू म्हणून दिसतात. तो आवाज कोणाचा, तो माणूस कसा आहे, हे आपण आधीच बघून बसलेलो असतो. मग तोच आवाज हातभर उंचीच्या खेळण्यातून येतो. आधी ओळख झाली नसती तर हा बाहुला गमतीशीरच वाटला असता.

आणि मोठेपणी आणखी एक गोष्ट घडलेली असते. मधल्या वर्षांत आपण प्रभावळकरांना इतर घरांत भेटलेलो असतो. 'चौकट राजा'मधला नंदू. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा, ज्यांच्यासारखे आजोबा आपल्याला असावेत असं अख्ख्या महाराष्ट्राला वाटलं. 2006 साली मुन्नाभाईसमोर येऊन बसणारे गांधीजी. विंचू आणि गांधी एकाच गळ्यातून आले, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. आबांवर जीव असलेल्या माणसाला विंचूचा आवाज पुन्हा ऐकताना भीती कमी वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

(दृश्य: जुनं पोस्टर. कॅमेरा बाहुल्यावरून हळूहळू लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्याकडे सरकतो.)

पण मला ज्याबद्दल बोलायचं आहे तो बाहुला नाहीच. मला बोलायचं आहे लक्ष्याबद्दल.

लहानपणी लक्ष्मीकांत बेर्डे यांना बघून आम्ही फक्त हसलो. त्यांचं ते तत पप होणं, डोळे विस्फारणं, पळता भुई थोडी होणं. आज बघताना हसू येतंच, पण मध्येच ते अडतं. या माणसाला एक गोष्ट माहीत आहे, ती शंभर टक्के खरी आहे, आणि त्याचं कुणीही ऐकत नाही. गाव ऐकत नाही, पोलिस ऐकत नाहीत. संशय येतो तो त्याच्यावरच. जितकं तो जीव तोडून सांगतो, तितकी समोरच्याची खात्री पटत जाते की याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

याचं मूळ समजून घेतलं तर गंमत आणखी कळते. कथेचा सांगाडा 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी सिनेमाशी उघड उघड जुळतो. तिथेही मरणारा गुन्हेगार, मंत्र, बाहुला, आणि ज्याला आधी ओळख सांगितली त्याच्याच शरीरात जाण्याची अट. हे कळल्यावर आमच्यातल्या काहींचा विरस झाला, म्हणजे आपला विंचूही उसनाच का, असा. माझा नाही झाला. कारण काय बदललं ते मला जास्त मोलाचं वाटतं.

तिकडे बाहुल्याच्या तावडीत सापडतो तो सहा वर्षांचा मुलगा. लहान मुलाचं बोलणं मोठ्यांनी हसण्यावारी नेणं रोजचंच असतं. कोठारेंनी त्या मुलाच्या जागी वाढलेला पुरुष ठेवला. आईजवळ राहणारा, आवडी नावाच्या मुलीवर प्रेम करणारा, गावात वावरणारा. मुलाचं कुणी ऐकलं नाही तर तो मोठा होईपर्यंत वाट बघू शकतो. लक्ष्यानं कशाची वाट बघायची? तो मोठा झालेलाच आहे, आणि तरीही त्याचं बोलणं पोरखेळात जमा होतं. आम्हा मुलांना तो आमच्यातला वाटायचा तो यामुळेच. पलंगाखाली काहीतरी आहे असं सांगून, 'काही नाही, झोप' हे उत्तर आम्हीही ऐकलेलं होतं.

दुसरा बदल बाहुल्याचा. अमेरिकेतला बाहुला दुकानात हजारोंनी विकला जाणारा, कारखान्यातून आलेला. आपल्या सिनेमात त्याच्या जागी बोलका बाहुला आला, आणि त्याच्यामागे पाध्ये घराण्याची पिढीजात विद्या उभी राहिली. लक्ष्याला बाहुल्यांचा नाद, म्हणजे ज्या गोष्टीवर त्याचं सगळ्यांत जास्त प्रेम तीच त्याच्या जिवावर उठते. उसन्या कथेला इथली हाडं मिळाली ती अशी.

त्याची आई. मधू कांबीकर यांनी ती भूमिका केली आहे. खरं सांगतो, लहानपणी माझं तिच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. गोष्टीतली आई म्हणजे जेवायला वाढणारी, रागावणारी, एवढंच. आता ती पडद्यावर आली की मी तिच्याकडेच बघत राहिलो. एकुलता एक पोर बाहुल्याला घाबरून किंचाळतोय, लोक काय काय बोलतायत, आणि तिला त्या पोराला घरात सांभाळायचंय. ज्यांच्या घरात असं एखादं माणूस असतं, ज्याच्या बोलण्यावर बाहेर कुणी विश्वास ठेवत नाही, त्यांना हे प्रसंग विनोदी सिनेमातले वाटणार नाहीत.

सगळंच आज तेवढं टिकलेलं आहे असं नाही. काही विनोद लांबतात, पार्श्वसंगीत कधी कधी आपल्याला काय वाटायला हवं ते ओरडून सांगतं. बाबा चमत्कार झालेले राघवेंद्र कडकोळ मात्र आजही तितकेच दमदार आहेत. आणि कोठारेंचं 'डॅम इट' आलं की बोटं आपोआप वळतात.

(दृश्य: बंद टीव्हीच्या काचेत बसलेल्या माणसाची आकृती. मग पडदा उजळतो. आवाज नाही.)

काही प्रसंग मी आवाज बंद करून बघितले. आवाज गेला की प्रभावळकर जातात. उरतो पाध्ये यांचा बाहुला आणि समोर बेर्डे. बाहुल्याच्या चेहऱ्याला करता येतं ते थोडंच. जबडा, डोळे, मानेचं वळण. एवढ्यावर माणूस किती वेळ घाबरेल? मग लक्षात आलं की आपण बाहुल्याकडे बघून घाबरतच नाही. आपण बेर्डेंकडे बघतो. त्यांची नजर बाहुल्याच्या डोळ्यांवर खिळते आणि तिथून ढळत नाही. बाहुला चालवणारा माणूस तिथेच कुठेतरी चौकटीबाहेर दडलेला आहे हे नटाला पक्कं ठाऊक असतं, आणि तरीही त्याला बघायचं असतं ते त्या रंगवलेल्या बुबुळांत. नजर इंचभर जरी चुकली तरी लाकूड ते लाकूडच. बेर्डेंच्या बाबतीत आधी मान मागे जाते, मग घशातला आवंढा हलतो, मग हात वर येतात, काहीतरी अडवायला निघाल्यासारखे, आणि अर्ध्यातच थांबतात. आवाज नसताना हा माणूस विनोदी नट आहे असं कुणाला ओळखता येणार नाही. समोर खरोखर कुणीतरी आहे, एवढंच आपल्याला कळतं.

'टूरटूर' या नाटकापासून रंगभूमीवर तयार झालेला हा नट. विनोदाचं टायमिंग जसं प्रेक्षकाच्या श्वासावर बेततात, तसंच त्यांनी भीतीचंही बेतलं. त्यांच्या हयातीत त्यांना 'हसवणारा लक्ष्या' या एकाच खणात ठेवलं गेलं, आणि आम्ही प्रेक्षकांनी ते आनंदानं मान्य केलं. 'झपाटलेला' पुन्हा बघितल्यावर मला वाटतं, त्यांच्या गंभीर ताकदीचा पुरावा शोधायला दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. तो इथेच, सगळ्यांसमोर, इतकी वर्षं आहे.

2013 साली 'झपाटलेला 2' आला. थ्रीडीमध्ये. बाहुला तोच, नाचवणारे रामदास पाध्ये, आवाज पुन्हा प्रभावळकरांचा, दिग्दर्शक कोठारेच. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. तंत्र कितीतरी पुढे गेलं होतं, विंचू पडद्याबाहेर येऊन अंगावर धावत होता, आणि नवी पोरं किंचाळत होती, त्यांचा आनंद खरा होता. पण मला तो बाहुला पहिल्यांदाच बाहुल्यासारखा दिसला. लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 ला गेले होते, पन्नाशीत.

पहिला भाग आता घरबसल्या सहज बघायला मिळतो. मुलांना घेऊन बसणार असाल तर त्यांना बाहुल्याकडे बघू दे, तो त्यांचाच आहे. तुम्ही मात्र विंचू बोलायला लागला की नजर चौकटीच्या दुसऱ्या बाजूला न्या, लक्ष्या उभा आहे तिकडे.

(पडद्यावर श्रेयनामावली. मागे आवाज नाही.)