"मनं पोट दुखस"

(दृश्य : सातपुड्याचा पायथा, जिल्हा परिषदेची शाळा, शनिवारची सकाळ)

चोपड्याहून उत्तरेकडे निघालं की केळीच्या बागा विरळ होत जातात आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावं लागतात. त्यातल्याच एका गावातली ही शाळा. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी पावरी. वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास सगळं आहे. स्वतःला जपायचं कसं, दुसऱ्याशी वागायचं कसं, आपलं दुखणं कुणाला सांगायचं, याला मात्र स्वतंत्र तास नाही. इथल्या बाईंनी तो शनिवारी सकाळी काढलाय.

"बाई, मनं पोट दुखस." म्हणजे माझं पोट दुखतंय. लहान मुलांच्या वर्गात हे रोज कुणीतरी म्हणतंच. "जा, पाणी पिऊन ये," असं सांगून बहुतेक ठिकाणी विषय मिटतो. या बाई पोराला जवळ बसवतात. सकाळी काय खाल्लंस? शी झाली का? शू दाबून धरलीस का? कुणाची भीती वाटते का?

(दृश्य : हातपंप, स्वच्छतागृहाचं दार)

उत्तरं निरनिराळी येतात. एखादं पोर उपाशीच आलेलं असतं. एखाद्याच्या पोटात जंत असतात. अंकुशकृमी हा त्यातलाच एक जंत; त्याच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी चावून खायला देतात, तेव्हा बाई हे समजावतात. चपला का घालायच्या, ते मग मुलंच घरी सांगतात.

मुलींचं उत्तर वेगळं असतं. मार्च सरता सरता जळगावकडे पारा चाळिशी ओलांडतो, तरी काही मुली शाळेत पाणीच पीत नाहीत. स्वच्छतागृहाला कडी नसेल तर जायचं कसं? कडी नसताना 'भरपूर पाणी प्या' असं फळ्यावर लिहिणं म्हणजे त्या मुलींची थट्टाच. इथे आधी कडी बसली, मग धडा झाला. आरोग्य शिकवायचं हे असं.

नंदुरबारपासून चोपडा-यावलपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक कारण निघतं, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पोट, पाठ असह्य दुखते. अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला की त्रास वाढतो. अशा मुलाला कामचुकार म्हणणं सोपं असतं. बाई त्याला पाणी देतात, मैदानावर पळायला लावत नाहीत आणि आरोग्य केंद्राला कळवतात.

(दृश्य : वहीच्या पानावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवणारा मुलगा)

'कुणाची भीती वाटते का?' या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात अवघड. म्हणून हा पंजा. प्रत्येक बोटावर एका माणसाचं नाव. ज्याला काहीही सांगता येईल आणि जो रागावणार नाही, असं माणूस. पहिलीतली मुलं चित्र काढतात. भिंतीवर तक्रारपेटी आहेच, पण ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने तिच्यात टाकायचं काय?

अंगाचे कोणते भाग आपले खासगी, कुणी हात लावला आणि नको वाटलं तर ओरडायचं, पळायचं, सांगायचं, हे बाई स्पष्ट शब्दांत, न लाजता शिकवतात. ते माणूस घरचं असलं तरीही. मूल सांगायला लागलं की त्याला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळलेली गोष्ट पोलिसांना कळवावीच लागते. पुरावे गोळा करणं शिक्षकाचं काम नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाढ्यासारखा पाठ आहे.

दिवाळी झाली की इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. काही मुलं आईबापासोबत जातात, काही आजीजवळ राहतात. अंगठ्यावरची आई मग गावात नसते. म्हणून बाई दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांचा पंजा नव्याने काढून घेतात. ज्याची दोन-तीन बोटं रिकामी राहतात, त्याच्या घरी त्या त्याच आठवड्यात जाऊन येतात.