सरवा आणि ‘ग्लीन’

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्रजीत एक क्रियापद आहे, ‘ग्लीन’. रोजच्या बोलण्यात ते फारसं कानावर येत नाही. पण अग्रलेखांत, चरित्रांत, इतिहासाच्या पुस्तकांत हमखास भेटतं. मुलं शब्दकोश उघडतात, तिथं ‘गोळा करणे’ असा अर्थ सापडतो, आणि मग गणपतीची वर्गणीसुद्धा ‘ग्लीन’ होते. अर्थ पाठ झाला, पण वाक्य फसलं.

आपल्या मराठवाड्यातल्या मुलांना हा शब्द शब्दकोशातून शिकवावाच कशाला? ‘सरवा वेचणं’ एवढं सांगितलं की खेड्यातल्या लेकराला सगळं कळतं.

भुईमूग उपटून, शेंगा तोडून पोती घरी गेली की बायका-लेकरं त्या रानात उतरतात. देठ तुटून काही शेंगा मातीतच राहिलेल्या असतात. खुरप्यानं ढेकूळ उकरायचं, हातानं फोडायचं, शेंग निघाली तर ओटीत टाकायची आणि पुढं सरकायचं. दिवसभर कंबर वाकलेली. सोयाबीनचा सरवा तर त्याहून किचकट. उन्हानं शेंगा तडकून दाणे मातीत पडलेले असतात, ते एकेक करून टिपायचे. मुख्य पीक दुसऱ्यानं नेलेलं, मागं राहिलेलं थोडकं, आणि तेही कष्टानंच हाती येणारं. ‘ग्लीन’मध्ये हे सगळं आहे.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा पहिला अर्थ शेतातलाच. बायबलमधली विधवा रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं सातू वेचते, आणि मराठी बायबलात तिथं आपला ‘सरवा’च आहे. शेताचे कोपरे झाडून कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असा त्या ग्रंथात नियमही आहे. इंग्लंडच्या खेड्यांत ही रीत शतकानुशतकं चालली. शेतात शेवटची एक पेंढी राखण म्हणून उभी असे; ती उचलली की बायकांनी आत यायचं. कुठं कुठं चर्चची घंटा वाजल्यावरच वेचणी सुरू होई. पण 1788 साली तिथल्या न्यायालयानं निकाल दिला की सरवा वेचणं हा कायद्यानं हक्क नाही. खटल्यातली बाई, मेरी हॉटन, सफोकमधल्या टिमवर्थ गावची. माझ्या मते हा निकाल कठोर होता. मालकाचं पीक तर केव्हाच घरी गेलेलं असे.

पुढं या शब्दाचा वापर माहिती वेचण्यासाठी होऊ लागला, आणि आज तोच जास्त दिसतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घ्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणसोबत या गावाचं नाव ‘तगर’ असं येतं; पण तिथल्या व्यापाराचा सलग इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, खापरं निघत गेली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू जपून गोळा केल्या. त्यांच्याच नावाचं संग्रहालय आज गावात आहे. अशा तुकड्यांवरून अभ्यासकांनी तगरचा रोमशी असलेला संबंध जुळवला. इथं इंग्रज लेखक हटकून ‘ग्लीन’ लिहील, आणि ते अगदी चपखल बसेल.

आता वापराचं. या क्रियापदामागं बहुतेक वेळा ‘फ्रॉम’ येतं: जुन्या पत्रांतून, दप्तरांतून, कुणाच्या तुटक बोलण्यातून. ‘फ्रॉम’नंतर जे येईल, त्यात माहिती विखुरलेली असायला हवी. बसस्थानकाच्या फलकावर लातूरच्या गाडीची वेळ ठळक लिहिलेली आहे आणि तुम्ही ती वाचली, तर तिथं ‘ग्लीन’ चालत नाही. फलक पुसट झालाय, चौकशीची खिडकी बंद आहे, आणि दोन-चार प्रवाशांना विचारून तुम्ही गाडीचा अंदाज बांधला, तर खुशाल वापरा.