पाचशे वर्षांची शिंपली

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या या घामाच्या दिवसांत आज जरा गारठ्यात जाऊ. थेट थंड समुद्राच्या तळाशी.

तिथे शिंपल्या, खेकडे, तारामासे, चिखलातले किडे. यांचं जेवण वरून येतं. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात हिवाळ्यात बर्फ धरतो आणि त्याच्या पोटाला शेवाळ लागतं. वसंतात बर्फ वितळला की शेवाळ खाली बसतं, कारण इतक्या गार पाण्यात ते वाटेतच फस्त करणारे बारीक जीव थोडेच असतात. बर्फ कमी, पाणी ऊबदार, की वरचेच जेवून घेतात. पुन्हा सांगतो, वरून पडेल त्यावर तळ जगतो. वरून पडेल त्यावर.

आणि ऊब वाढली की भूकही वाढते. 2018 आणि 2019 साली बेरिंगचं पाणी तापलं, नि त्यानंतर तिथले बर्फखेकडे हजार कोटींहून जास्त घटले. उपासमार, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं. 2022 मध्ये अलास्काने हे खेकडे पकडणंच थांबवलं.

आता मला आवडणारी गोष्ट. माहीमच्या बाजारात तिसऱ्या घ्यायला गेलो होतो. (पाकिटातली सोललेली मासळी घेणाऱ्यांविषयी माझं मत वाईट आहे, तेवढं ऐकून ठेवा.) एक तिसरी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाठीवरच्या रेघा मोजायला लागलो. मागे रांग खोळंबली. कोळीण मावशी म्हणाल्या, "काय रे बाला, पत्रिका जुळवतोस काय?"

म्हटलं, मावशी, आइसलँडजवळच्या थंड समुद्रात एक शिंपली असते. झाडाच्या खोडासारखी तिला दरवर्षी एक रेघ येते. खायला भरपूर असेल त्या वर्षी रुंद, तंगीच्या वर्षी बारीक. कवचाच्या रसायनावरून तेव्हाचं पाणी किती गार होतं हेही कळतं. म्हणजे हवामानाची वहीच, वर्षाला एक ओळ. 2006 साली शास्त्रज्ञांनी तळ खरवडून अशा शिंपल्या वर काढल्या आणि बोटीवरच गोठवल्या. त्यातल्या एकीच्या रेघा पुढे मोजल्या, तर आधी 405 निघाल्या. रेघा इतक्या दाटीवाटीच्या की 2013 मध्ये नीट मोजल्यावर आकडा आला 507! जन्म 1499 सालचा. वास्को द गामा कालिकतला उतरला, त्याच्या पुढच्या वर्षीचा. चीनमध्ये तेव्हा मिंग राजवट होती, म्हणून तिचं नाव पडलं मिंग. आणि तिचं वय कळलं ते ती मेल्यावर.

मावशींचा कोयता हवेतच थांबला. "पाचशे वर्सांची? मग ती शिजायची कधी?"

मागच्या बाई हसल्या. मी म्हटलं, आपल्या तिसऱ्यांचं तसं नाही हो मावशी, या दोन-तीन वर्षांतल्या. या रेघांवर माझाही भरवसा नाही. त्यांनी माझ्या हातातली तिसरी काढून घेतली, अंगठ्याने दाबून पाहिली. तोंड घट्ट मिटलेलं. "रेघा कसल्या मोजतोस, हे बघ," म्हणाल्या, आणि ती परत वाट्यात टाकून वर मूठभर जास्तीच्या घातल्या.