ठेका धरून ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार. आत्ता तुमच्यापैकी कुणी मटार सोलत असेल, कुणी राजवाड्यापाशी गर्दीत अडकलं असेल. चालू द्या. लक्ष उडणारच. उडालेल्या लक्षाला परत यायला एक ठरलेली जागा हवी, एवढंच मला आज सांगायचंय, आणि त्यासाठी आपल्या इंदूरच्याच गाण्याकडे वळते.

ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ इंदुरात वाढले. वडील शहामीर खाँ सारंगिये. त्यांनी मुलाला मेरुखंडाची, म्हणजे घेतलेल्या स्वरांचे होतील तेवढे सगळे क्रम गाण्याची तालीम दिली. सा, रे, ग हे तीनच स्वर घ्या. सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा असे सहा क्रम होतात. चौथा स्वर आला की २४, आणि सातही घेतले तर ५०४०. नेहमीचा पलटा, म्हणजे ठरलेल्या क्रमाची स्वरांची ओळ, पुरेसा घोटला की जीभ तो आपोआप म्हणते आणि मन खुशाल सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन येतं. मेरुखंडात ती सोय नाही. स्वर तेच, पण कोणता क्रम झाला आणि कोणता उरलाय याचं भान सुटलं की गाडी अडलीच. घोकलेल्या सरगमीचा मला लगेच कंटाळा येतो. खाँसाहेबांच्या सरगमीचा कधीच आला नाही. त्याचं मूळ मला या तालमीत दिसतं.

बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, ते बहुतेक वेळा झुमरा या तालात गात. मात्रा १४, विभाग तीन-चार-तीन-चार. त्यांच्या अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला पाऊण-एक मिनिट सहज लागतं. तेवढ्यात मन दहा ठिकाणी जाऊन येतं. पण तबला ऐका. पहिला अर्धा भाग: धिं ऽधा तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट. दुसरा: तिं ऽता तिरकिट, धिं धिं धागे तिरकिट. जवळजवळ तेच बोल, फक्त आठव्या मात्रेला बायाँची, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याची, घुमक गळते. ती गळलेली कळली, की आपण तालात कुठे आहोत ते कळतं.

घरीही हेच होतं. गणपतीत अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं म्हणायला बसलो, की पाच-सहा झाल्यावर तोंड चालू राहतं आणि मन मोदकाच्या उकडीपाशी जातं. मग रक्षणासाठी दिशांची नावं येतात तिथे नेमकं अडखळायला होतं: पश्चिम आधी की पूर्व? शेजारी बसलेल्या काकूंचा आवाज तेवढा चढतो, आपण त्यांना धरून पुढे सरकतो. एकत्र म्हणण्याचा मला वाटतो तो मोठा फायदा हाच.

फोनबद्दल फार बोलत नाही. तो दुसऱ्या खोलीत ठेवता येतो.

या रविवारी खाँसाहेबांचा झुमऱ्यातला एखादा ख्याल लावा. पहिल्या, चौथ्या आणि अकराव्या मात्रेला टाळी, आठवीला हात उघडा, म्हणजे खाली. मध्येच कुकरची शिट्टी होईल, कुणीतरी हाक मारेल, हिशेब चुकेल. रेकॉर्डिंग मागे नेऊ नका. हात मांडीवर ठेवून नुसतं ऐका, आणि पुढची सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की तिथून पुन्हा टाळी धरा.