दारचौकटीवरच्या रेघा

गोव्यात पेडणे तालुक्यातलं जुनं घर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर गणेशचवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाली की आई मुलांना चौकटीला पाठ लावून उभं करते, डोक्यावर वही आडवी धरते आणि रेघ मारते. धाकटीच्या रेघा चार-चार बोटांनी वर चढल्या. थोरल्याच्या जेमतेम दोन बोटांनी.

मुलगा गुटगुटीत, चेहरा वयापेक्षा लहान. ‘बापही उशिराच वाढला,’ आजी म्हणायची. असंही होतं, पुष्कळ मुलं उशिरा वाढून उंची गाठतात. म्हणून नुसती उंची नव्हे, वाढीचा वेग पाहायचा. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतं. वेग 4 च्या खाली राहिला, तर थांबून चालत नाही.

पहाटेची बस. म्हापसा, पणजी, मग बांबोळीचं मोठं इस्पितळ. आधी थायरॉइड तपासला, गव्हाचा त्रास नाही ना तेही पाहिलं. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. मुलगा 9 वर्षांचा, हाडं 6 वर्षांची.

वाढीचं हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून थांबून थांबून, बहुतेक गाढ झोपेत सुटतं. दुपारी एकदाच घेतलेल्या रक्तात ते दिसेलच असं नाही. म्हणून उपाशीपोटी औषध देऊन ग्रंथीला जागं करतात आणि ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा रक्त घेतात. औषधाने गुंगी येते. तो आईच्या मांडीवरच झोपला. तपासात हार्मोन कमीच निघालं. ती मात्र आपलंच खाऊ घालणं कमी पडलं, असं म्हणत राहिली. तसं नसतं. शेजारणी-पाजारणींनीही हे ऐकावं.

पूर्वी अशा मुलांना द्यायचं हार्मोन मृतांच्या ग्रंथींतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला. 1985 मध्ये ते बंद पडलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन आलं.

आता त्याला रोज रात्री मांडीच्या कातडीखाली या हार्मोनची बारीक सुई. वर्षानुवर्षं. औषध महाग, आणि फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं. पावसाळ्यात वीज गेली की आई आधी बर्फाचा डबा शोधते. वयात येणं पूर्ण होऊन हाडांची टोकं जुळली की सुईने उंची वाढत नाही, म्हणून ही वर्षं तिला वाया घालवायची नाहीत.

यंदा माटोळी बांधून व्हायच्या आधीच तो चौकटीपाशी उभा.

‘टाचा टेकव रे.’

‘टेकलेल्याच आहेत.’

आई वाकून पाहते. मग रेघ मारते. पाच बोटं.